मताधिकाराची वाट पाडणाऱ्या रमाबाई

श्रोतेहो, आज नगरपालिकेत स्त्री सभासद दिसली तर कोणी मान वळवून पाहत नाही. महाराष्ट्रात तर २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांकरिता राखून ठेवलेल्या आहेत. परंतु वाट मळण्यापूर्वी ती कोणी तरी पाडावी लागते. ती पाडणाऱ्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी येते.

१८६२ साली जन्मलेल्या रमाबाईंचा विवाह १८७३ मध्ये महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पतीने त्यांना शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी मात्र त्यांनी मुकाट्याने सोसली. विरोध सोसावा, पण हातचे काम सोडू नये, हा धडा त्यांना घरातच मिळाला. १९०१ मध्ये वैधव्य आले; १९०९ मध्ये त्यांनी पुण्याच्या सेवासदनाची धुरा खांद्यावर घेतली.

१९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. पुण्यात पेच पडला : पैसा अपुरा, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरतीच ठेवावी काय? लोकमान्य टिळकही त्याच मताचे होते. रमाबाईंना हे मान्य नव्हते. तिजोरी अपुरी पडली की मुलींनीच का थांबावे, हाच खरा सवाल होता. १९२० मध्ये त्या स्त्रियांची मिरवणूक घेऊन नगरपालिकेवर गेल्या.

मिरवणुकीने गाऱ्हाणे ऐकू जाते. निर्णय मात्र मताने होतो. १९१९ च्या सुधारणा कायद्याने स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला होता. मुंबई इलाख्यात त्यासाठी जी चळवळ झाली, तिचे पुढारपण साठीच्या घरातील रमाबाईंनी केले, आणि १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने स्त्रियांचा मताधिकार मान्य केला.

अर्थात हे मत मालमत्तेच्या अटीने जखडलेले होते. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीच्या हाती ते आले नाही. कायदेमंडळाच्या निवडणुकीस उभे राहण्याची मोकळीकही पुढे मिळाली. ती पाहण्यास रमाबाई नव्हत्या. १९२४ मध्ये त्या निवर्तल्या. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस समान मत मिळण्यास १९५० ची राज्यघटना यावी लागली.

श्रोतेहो, राखीव जागेवर निवडून आलेल्या स्त्रीच्या नावे घरातील पुरुषच कारभार हाकतो, अशी तक्रार आजही कानी येते. जागा कायद्याने मिळते. तेथे बसून स्वतःच्या बुद्धीने बोलण्याचे बळ शिक्षणाने येते. रमाबाईंनी शाळा आणि मतपेटी या दोहोंसाठी एकाच नेटाने झगडा दिला, त्याचे मर्म हेच होय.