पायांना जमिनीचा विसर

अंबरपेठेतून उत्तरेला निघाले की उस्मानिया विद्यापीठाची हद्द लागते. पश्चिमेला काचीगुडा ओलांडून पुढे गेले की बशीरबागेत निजाम कॉलेज. अंतराळात गेल्यावर माणसाच्या देहाचे काय होते, या प्रश्नाच्या इतिहासात हैदराबादच्या या दोन्ही विद्यासंस्थांचा संबंध येतो. भारताचा पहिला अंतराळवीर राकेश शर्मा निजाम कॉलेजचा विद्यार्थी. आणि अमेरिकेचा अंतराळवीर राजा चारी याचे आजोबा उस्मानियात गणिताचे प्राध्यापक होते.

शर्मांचा जन्म 1949 सालचा, पतियाळ्याचा. पण ते लहानाचे मोठे झाले हैदराबादेत. आबिड्सच्या सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूलमध्ये शाळा झाली, मग निजाम कॉलेज, आणि 1966 मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. 1971 च्या युद्धात लढाऊ विमान चालवलेला हा वैमानिक 1982 मध्ये अंतराळ मोहिमेसाठी निवडला गेला. निवडीच्या काळात बंगळुरूला त्यांना 72 तास एका खोलीत कोंडून ठेवले होते. बंद जागेत हा माणूस घाबरतो का, हे आधी जमिनीवरच पाहून घ्यायचे होते.

तोवर अंतराळाने डॉक्टरांना चांगलाच धडा शिकवला होता. जून 1970 मध्ये आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव हे दोघे सोव्हिएत अंतराळवीर सोयुझ-9 मधून जवळजवळ 18 दिवस पृथ्वीभोवती फिरून आले. यान छोटे, व्यायामाला जागा अपुरी. उतरल्यावर त्यांना धड उभेही राहता येईना. एरवी धडधाकट असलेल्या या माणसांना पायांवर पुन्हा पूर्ववत यायला कितीतरी दिवस लागले.

कारण समजायला अवघड नाही. जमिनीवर उभ्या माणसाचे रक्त आणि पाणी वजनामुळे पायांकडे ओढले जाते, आणि त्या ओढीशी झगडतच हृदय आणि रक्तवाहिन्या घडलेल्या असतात. ही ओढ थांबली की सुमारे दोन लिटर द्रव वर छातीकडे आणि डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, नाक चोंदते, पाय काटकुळे दिसू लागतात. शरीराला वाटते, अंगात पाणी फार झाले. मग ते रक्तातले पाणी कमी करते. वर असेपर्यंत हे चालून जाते. खाली येऊन उभे राहताच मात्र तेवढे रक्त पुरत नाही, आणि घेरी येते. हाडांचे दुखणे याहून चिवट. भार नसल्याने कंबरेच्या आणि मांडीच्या हाडांतली घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू तर त्याहून लवकर आळसावतात.

या सगळ्याचा अभ्यास अंतराळात करायचा तर माणसे मोजकी आणि खर्च अफाट. म्हणून संशोधकांनी पलंग गाठला. परतलेल्या सोव्हिएत अंतराळवीरांची एक तक्रार असे: सपाट पलंगावर निजले तरी पायांकडे घसरल्यासारखे वाटते. मग पलंगाची डोक्याकडची बाजू खाली करून पाहिली. त्यातूनच डोके सहा अंश खाली ठेवून निजवण्याची पद्धत रूढ झाली. आज जगभर तीच वापरतात. दुसरा मार्ग पाण्याचा: टाकीवर जलरोधक कापड सैल पसरून त्यात माणसाला निजवायचे, म्हणजे अंग कोरडे राहते आणि देह तरंगतो. मॉस्कोत 1986-87 मध्ये काही पुरुष तब्बल 370 दिवस पलंगावर उताणे पडून होते. खाणे, अंघोळ, शौच, सगळे आडवेच. पृथ्वी न सोडता ज्यांनी आपली हाडे आणि स्नायू विज्ञानाला उसने दिले, त्यांची नावे कुणाच्या ओठी नाहीत. यानात बसलेल्यांइतकाच मान त्यांनाही मिळायला हवा होता.

3 एप्रिल 1984 ला शर्मांना घेऊन सोयुझ टी-11 बायकोनूरहून उडाले. सोबत यूरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव. सॅल्यूत-7 स्थानकात त्यांची वाट पाहत असलेल्या तिघांत ओलेग आत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञ होते. फेब्रुवारीत गेलेले आत्कोव ऑक्टोबरात परतले, सुमारे 237 दिवसांनी. इतक्या दीर्घ मुक्कामात हृदय कसे बदलते हे पाहायला डॉक्टर स्वतःच रुग्णांसोबत राहिला होता.

शर्मांकडे वैद्यकीय प्रयोगांबरोबर योगासनेही होती. भारहीनतेशी जुळवून घ्यायला योगाचा उपयोग होतो का, हे तपासायचे होते. पण आसनाला जमीन लागते. तिथे पायाखाली वजनच जाणवेना, देह भलतीकडे तरंगत जाई. मग अंगाला पट्ट्यांचा साज बांधून त्यांनी स्वतःला एका जागी जखडून घेतले आणि आसने केली. देशात या प्रयोगाचे कौतुक झाले ते बहुतेक अभिमानापोटी. त्यातला वैद्यकीय प्रश्न मात्र खरा होता: आपल्या भाराशिवाय स्नायूंना ताण कसा द्यायचा? आज अंतराळ स्थानकातली माणसे रोज सुमारे दोन तास ट्रेडमिलवर, सायकलवर आणि निर्वात नळकांड्यांच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रावर घाम गाळतात, ती याच प्रश्नापायी. धावतानाही अंगाला पट्टे बांधावेच लागतात.

शर्मा 11 एप्रिलला परतले. राजा चारी नोव्हेंबर 2021 मध्ये अंतराळात गेले आणि 177 दिवसांनी, मे 2022 मध्ये, उतरले. नेमक्या त्याच वर्षी कॅनडातल्या संशोधकांनी 17 अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परतून वर्ष उलटले तरी त्यांतल्या नऊ जणांची हाडे पूर्ववत झालेली नव्हती. मोहीम लांबली की नुकसानही वाढते, हे त्यात दिसले. मंगळाची वाट तर एकाच बाजूची सहा ते नऊ महिन्यांची.

जून 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा त्यांच्या सामानात स्नायूंच्या पेशींवरचा एक भारतीय प्रयोगही होता: भारहीनतेत नवे स्नायू तयार होण्याची क्रिया कशाने मंदावते, आणि तिला पोषक द्रव्यांनी चालना मिळते का? परतल्यावर त्यांनी स्वतःचे चालण्याचे चित्रण लोकांपुढे ठेवले. मुक्काम सुमारे वीस दिवसांचाच, आणि तरीही पहिली पावले टाकताना आधाराला दोघेजण लागले होते.