परदेशी निघताय? प्रवास विमा कोणाला लागतो, कोणता घ्यायचा आणि पैसे कुठे अडकतात

मुंबईत डिलाईल रोडला, म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गावर, कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या खोल्या होत्या. काही अजून आहेत. कोणी त्याला गाळा म्हणतं, कोणी गावाची खोली. गिरणीत कामाला आलेला माणूस आधी तिथेच वळकटी टाकायचा. आजारी पडला तर खोलीतलेच त्याला केईएमला न्यायचे. कोणी वारलं तर वर्गणी काढून पुढचं सगळं करायचे. शिवाय राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी पगारातून कापली जायची आणि परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय त्याच योजनेचं होतं. त्यामुळे आजारपणात निदान दवाखान्याचं दार उघडं असायचं.

आता त्याच गावांतली मुलं दुबई, मस्कत, दोहाला कामाला जातात. कोणी शिकायला जर्मनीला जातं. कोणाचे आईवडील लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघतात. तिथे गावाची खोली नसते आणि वर्गणी काढायला चार माणसंही जवळ नसतात. म्हणून तिकडे आजारपणाचं बिल कोण भरणार, हे विमानात बसायच्या आधीच ठरवावं लागतं.

थोडक्यात उत्तर

- ईसीआर पासपोर्टवर आखातात कामाला जाणाऱ्यांना सरकारी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे.
- युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी प्रवास विम्याशिवाय अर्ज पुढे जात नाही.
- अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही. पण दवाखान्याचा खर्च तिथेच सगळ्यात जड जातो.
- कायमचं राहायला जाणाऱ्यांना प्रवास विमा पुरत नाही. त्यांना त्या देशातला आरोग्य विमा लागतो.

गावाकडचं कार्ड तिकडे चालतं का?

नाही. आयुष्मान कार्ड असो की महात्मा फुले जनआरोग्य योजना, दोन्हींचे उपचार योजनेशी जोडलेल्या भारतातल्या रुग्णालयांतच होतात. दुबईच्या दवाखान्यात ते कार्ड दाखवून उपयोग नाही.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापून जाणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना बऱ्याच जणांकडे असते. ती अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख रुपये देते, पण दवाखान्याचं बिल भरत नाही. इथल्या खासगी कंपन्यांच्या नेहमीच्या मेडिक्लेम पॉलिसीही बहुतेक करून भारतातल्या उपचारांपुरत्याच असतात. पॉलिसीवर परदेशातले उपचार स्पष्ट लिहिलेले नसतील तर ते नाहीत असंच धरून चालावं.

प्रवास विम्यात काय मिळतं?

सर्वात महत्त्वाचं म्हणजे परदेशात अचानक आजारपण किंवा अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च. त्याशिवाय रुग्णाला भारतात परत आणणं, मृत्यू झाल्यास पार्थिव घरी आणणं, पासपोर्ट हरवणं, सामान हरवणं किंवा उशिरा येणं, आणि ठरावीक कारणांनी प्रवास रद्द होणं यांचेही पैसे मिळतात. पॉलिसी विकताना सामानाच्या पैशांवर जास्त बोललं जातं. घेणाऱ्याने मात्र आधी दवाखान्याची रक्कम बघावी. बॅग हरवल्याने घर बुडत नाही, पण आठ दिवस अतिदक्षता विभागात काढले तर जमीन गहाण पडू शकते.

आखातात कामाला जाताना

साधारणपणे दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का किंवा छापील नोंद असते. अशा माणसाला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जायचं तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारची परवानगी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. त्याच वेळी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी काढावी लागते. ही योजना २००३ पासून आहे आणि २०१७ मध्ये ती सुधारली.

हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये असा ठरला, कर वेगळा. त्यात पुढील गोष्टी येतात:

- अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख रुपये. मालक किंवा कामाची जागा बदलली तरी हे संरक्षण टिकतं.
- दुखापत किंवा आजारपणाच्या उपचारांसाठी १ लाख रुपयांपर्यंत, पण एका वेळच्या भरतीला जास्तीत जास्त ५० हजार.
- प्रकृतीमुळे काम करता येत नसेल किंवा नोकरी मुदतीआधीच तुटली तर, ठरलेल्या अटींवर परतीच्या प्रवासाचा खर्च.
- नोकरीसंबंधीच्या कोर्टकचेरीसाठी ४५ हजार रुपयांपर्यंत.
- महिला कामगारांना बाळंतपणासाठी ३५ हजार, सिझेरियन झाल्यास ५० हजारांपर्यंत.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, १० लाख हे अपघाती मृत्यूचे आहेत. झोपेत हृदयविकाराचा झटका येऊन कोणी गेलं तर ते मिळत नाहीत. घर एकट्याच्या कमाईवर चालत असेल तर साधा मुदत जीवन विमा वेगळा काढलेला बरा. दुसरी, मोठ्या आजारपणाला ५० हजार पुरत नाहीत. म्हणून मालकाचा आरोग्य विमा आहे की नाही, हे करारपत्रात बघावं. सौदीत खासगी कंपनीच्या कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून सातही अमिरातींत खासगी कामगारांसाठी हा नियम लागू आहे. तो हप्ता मालकाने भरायचा असतो. पगारातून कापतो म्हणणारा एजंट असेल तर तिथेच सावध व्हावं.

"व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर कामाचं बघू"

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून तिकडे कामाला लावलं की ई-मायग्रेटची नोंद होत नाही, सरकारी विमा निघत नाही आणि मालकाचा विमाही लागत नाही. हातात साधा प्रवास विमा असला तरी तो पर्यटकाचा असतो. बांधकामाच्या पराच्यावरून पडलेल्या माणसाचा दावा त्यातून मंजूर होणं कठीण. एजंटने वाचवलेले चार दिवस असे घराला महागात पडतात.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेटवर नाव टाकून तपासता येतं. एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या टोल फ्री क्रमांकावर विचारावं.

तिकडे अडचण आलीच आणि विमा नसेल, तर भारतीय दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू भारतीयांना तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, पार्थिव घरी पाठवणं यासाठी त्यातून मदत होते. ती परिस्थिती बघून दिली जाते. विम्यासारखा तो हक्क नाही. घरच्यांना मदद या परराष्ट्र मंत्रालयाच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

आईवडील मुलांकडे निघाले तर

साठी ओलांडलेल्यांच्या पॉलिसीत दोन ठिकाणी अडतं. एक, आधीपासूनचे आजार. बीपी, शुगर, हृदयाचं दुखणं अर्जात लिहिलं नाही आणि तिकडे त्याच कारणाने भरती व्हावं लागलं, तर दावा फेटाळला जातो. लिहिलं तर हप्ता वाढतो, पण पैसे मिळायची वाट राहते. आधीच्या आजाराला पॉलिसी किती रक्कम देते आणि फक्त जीव धोक्यात असतानाच देते का, हे विचारून घ्यावं. दोन, पोटमर्यादा. वर ५० हजार डॉलर लिहिलेलं असतं, पण आत खोलीभाडं, शस्त्रक्रिया, डॉक्टरची फी यांना वेगवेगळी मर्यादा घातलेली असते. वय जास्त असेल तर या मर्यादा आणखी कडक असतात.

रोजच्या गोळ्या, चष्मा, नेहमीची तपासणी यात येत नाही. गोळ्या पुरेशा घेऊन जाव्यात आणि डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपायच्या आधी पॉलिसी वाढवून घ्यावी.

युरोप, शिक्षण आणि कायमचं स्थलांतर

शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, म्हणजे साधारण ३० लाख रुपयांच्या आसपास. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामात चालणारा पाहिजे.

ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पौंड झाला. तो भरला की तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत उपचार मिळतात.

जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय राहताच येत नाही. नोकरदाराची वर्गणी पगारातून कापली जाते आणि साधारण निम्मा वाटा मालक भरतो. अशा देशांत जाताना प्रवास विमा पोचेपर्यंतच्या आणि सुरुवातीच्या काही दिवसांपुरता घ्यावा.

दावा कशामुळे नाकारतात?

- जुना आजार लपवला.
- दारूच्या नशेत अपघात झाला.
- पर्यटक म्हणून विमा काढला आणि काम करताना दुखापत झाली.
- उपचार घेण्यासाठीच परदेशी गेले.
- कंपनीला वेळेत कळवलं नाही किंवा कागद ठेवले नाहीत.

तिकडे गरज पडली तर काय करायचं?

पॉलिसीवर २४ तास चालणारा मदत क्रमांक असतो. रुग्णाला आधी दवाखान्यात न्यावं आणि लगेच त्या क्रमांकावर कळवावं. कंपनीचं त्या रुग्णालयाशी जमलं तर बिल परस्पर भरलं जातं. नाहीतर आपण भरून नंतर मागावं लागतं. डॉक्टरचा अहवाल, बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, पासपोर्टवरचे शिक्के आणि अपघात असेल तर पोलिसांचा कागद जपून ठेवावा. सामान हरवलं तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी घ्यावं.

दावा चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्यावं. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मात्र कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार करता येते.

मुंबईपर्यंतच्या रेल्वे प्रवासाचं काय?

आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना विम्याचा पर्याय येतो. माणशी ४५ पैसे. रेल्वे अपघातात मृत्यू झाल्यास १० लाख, जखमीच्या उपचारांना २ लाखांपर्यंत. तिकीट काढल्यावर मोबाईलवर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव मात्र भरावं. ते बहुतेक जण विसरतात.

निघायच्या आदल्या दिवशी

पॉलिसीवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. पॉलिसीची सुरुवात विमानाच्या तारखेपासून आहे का बघा. वारस म्हणून कोणाचं नाव आहे, ते त्या माणसाला सांगा. पॉलिसी, पासपोर्ट, करारपत्र आणि मदत क्रमांक यांचे फोटो तीन ठिकाणी ठेवा: स्वतःच्या मोबाईलमध्ये, गावाला घरच्यांकडे आणि मुंबईतल्या एखाद्या भरवशाच्या माणसाकडे. अपघात झालेला माणूस स्वतः फोन लावू शकत नाही. तेव्हा दोहाच्या दवाखान्यातून फोन आला, तर पॉलिसी नंबर सांगणारं कोणीतरी घरी असायला हवं.