इंग्लंडमधील सरकारी दंतसेवा

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली तेव्हा दंतोपचारही पूर्णपणे मोफत होते. वर्षानुवर्षे दातदुखी सोसलेली माणसे दवाखान्यांत लोटली. कवळ्यांना प्रचंड मागणी आली आणि खर्चाचे सगळे अंदाज कोलमडले. १९५१ साली अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी कवळीचा सुमारे निम्मा खर्च रुग्णांवर टाकला. चष्म्यांनाही शुल्क लावले. या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी त्यावरून मंत्रिपद सोडले. पुढच्या वर्षी दंतोपचारांवरही शुल्क आले, ते आजतागायत आहे.

सेवेचा उपयोग झाला नाही असे मात्र नाही. १९६८च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९मध्ये इंग्लंडात हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. यात फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचाही मोठा हातभार आहे.

आजची अडचण शुल्कापेक्षा दंतवैद्याच्या मोबदल्यात आहे. बहुतेक दंतवैद्य सरकारी नोकर नसतात. स्वतःचा दवाखाना चालवून ते सरकारशी करार करतात. २००६पर्यंत प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत. त्या वर्षीच्या करारात कामाचे ‘एकक’ आले: तपासणीला १, दात भरणे, काढणे किंवा रूट कॅनालला ३, कॅप किंवा कवळीला १२. एक दात भरला काय नि सहा भरले काय, एकके तीनच. त्यामुळे ज्याचे तोंड सर्वांत बिघडलेले, तोच रुग्ण दवाखान्याला तोट्याचा ठरू लागला. उपचाराची गरज आणि दंतवैद्याचा हिशेब यांची इतकी सरळ फारकत करणारा करार क्वचितच सापडेल. नोव्हेंबर २०२२मध्ये तीन किंवा अधिक दातांच्या कामाला ५ आणि दाढेच्या रूट कॅनालला ७ एकके मिळू लागली, पण तोवर अनेक दंतवैद्य खासगी व्यवसायाकडे वळले होते. फेब्रुवारी २०२४मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एका दवाखान्याने एनएचएसचे नवे रुग्ण घ्यायचे ठरवले, तर रांग आवरायला पोलीस आले.

एप्रिल २०२५च्या दरांनुसार तपासणीला २७.४० पौंड, दात भरण्याला ७५.३० आणि कॅप-कवळीला ३२६.७० पौंड पडतात. अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि काही सरकारी भत्ते घेणारे यांना माफी आहे. पण माफी असून दंतवैद्य मिळत नसेल तर तिचा उपयोग काय? पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना इंग्लंडच्या रुग्णालयांत दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण किडके दात हेच आहे. तिथे भूल देऊन दात काढण्याचा खर्च सरकारच करते.

तुलनेसाठी जर्मनी पाहा: तिथे सक्तीच्या आरोग्य विम्यातच दंतोपचार येतात. कॅप-कवळीसाठी ठरावीक उपचाराच्या खर्चाचा ६० टक्के वाटा विमा उचलतो. दहा वर्षे नियमित तपासणीची नोंद दाखवल्यास ७५ टक्के. याउलट ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही दातांचे शुल्क वेगळे द्यावे लागते. तिकडे शिकायला निघालेल्या मराठी मुलांनी इथेच दाढा भरून घ्याव्यात, हे बरे.