अंगठ्याच्या ठशापासून ‘आधार’पर्यंत : भारतातील ओळखव्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शासनदरबारी व्यक्तीची ओळख कशी सिद्ध व्हावी, हा प्रश्न आधुनिक राज्यसंस्थेइतकाच जुना आहे. बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा यांवर आधारलेली ‘आधार’ ही व्यवस्था संगणकयुगाची देणगी मानली जाते. तथापि तिची मुळे एकोणिसाव्या शतकातील वसाहतकालीन प्रशासनात सापडतात. तंत्र बदलत गेले, परंतु संमती आणि सक्ती यांमधील ताण कायम राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन उगम

इ. स. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने दस्तनोंदणी, निवृत्तिवेतन व कैद्यांची नोंद यांसाठी बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. एकाच्या नावावर दुसऱ्याने लाभ घेऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १८९७ मध्ये कलकत्ता येथे ठसे विभाग स्थापन झाला. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली असली, तरी ती सिद्ध करण्यात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. १९०१ मध्ये लंडनच्या पोलिसांनीही ती स्वीकारली.

ट्रान्सव्हालमधील प्रतिकार

बंगालमध्ये विकसित झालेले हे तंत्र लवकरच साम्राज्याच्या अन्य भागांतील भारतीयांवर लादले गेले. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सव्हालमध्ये १९०६ च्या वटहुकुमाने आठ वर्षांवरील प्रत्येक भारतीयाला ठसे देऊन नोंदणी करणे बंधनकारक करण्याचे योजिले. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे झालेल्या सभेतून सत्याग्रहाचा उगम झाला. विशेष म्हणजे १९०८ च्या तडजोडीनुसार गांधीजींनी स्वेच्छेने ठसे दिले. सक्तीचा कायदा मात्र रद्द झाला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रांची होळी करण्यात आली. विरोध ठशाला नव्हता, तर त्यामागील सक्तीला होता.

‘आधार’ची वाटचाल

स्वातंत्र्योत्तर काळात सामान्य माणसाच्या हाती प्रामुख्याने शिधापत्रिका होती. परंतु ती कुटुंबाची ओळख होती, व्यक्तीची नव्हे. ही उणीव दूर करण्यासाठी जानेवारी २००९ मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना झाली व नंदन नीलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले बारा अंकी क्रमांक देण्यात आले. ज्यांच्यापाशी कोणताही कागद नाही, त्यांना ओळख देणारी व्यवस्था, हे या गावाच्या निवडीतून सूचित झाले. नावनोंदणी ऐच्छिक होती आणि तिला कायद्याचे अधिष्ठान २०१६ मध्येच लाभले. त्या कायद्याच्या सातव्या कलमाने शासकीय अनुदान व सेवांसाठी ‘आधार’ची अट घालण्याचा अधिकार शासनास दिला. अशा रीतीने ऐच्छिक ओळख व्यवहारात आवश्यक ठरली.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने कायदा वैध ठरला, मात्र खासगी कंपन्यांना ‘आधार’ मागण्याची दिलेली मुभा रद्द झाली.

निष्कर्ष

शेतमजूर, गवंडीकाम करणारे, वयोवृद्ध यांच्या बोटांवरील रेषा कष्टाने वा वयाने झिजतात. क्रमांक मिळालेला नसल्यास पर्यायी साधनाने लाभ देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु क्रमांक असूनही यंत्राने ठसा नाकारला, तर स्वतःला सिद्ध करण्याचा भार प्रत्यक्षात त्या माणसावरच पडतो. दुसरा कोणी आपण तोच असल्याचे भासवील, ही हर्शेलची चिंता होती. आज खरा माणूसच खोटा ठरण्याची शक्यता तितकीच गंभीर आहे. म्हणूनच ओळखव्यवस्थेच्या आधुनिकीकरणाचे मूल्यमापन नोंदलेल्या क्रमांकांच्या संख्येवरून न करता, यंत्र चुकले असता नागरिकाचा हक्क कितपत अबाधित राहतो, यावरून होणे इष्ट आहे.