त्सुशिमाचे बनावट खलिते

अलीकडे शंभर-दोनशे उतारू घेऊन निघणाऱ्या लहान जहाजांतून जपान आणि कोरिया यांच्या किनाऱ्यांवरील बंदरे पाहत हिंडण्याची हौस जगातील सधन प्रवाशांत वाढली आहे. मोठी जहाजे ज्या धक्क्यांना लागू शकत नाहीत तेथे ही लहान जहाजे सहज जातात. उतारू सकाळी उतरतो, एखादे देऊळ पाहतो, मासळीबाजारातून फेरी मारतो आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर येतो. कोरियाचे बुसान, मग समुद्रातले त्सुशिमा बेट, मग जपानच्या आतल्या समुद्रातील शिमोनोसेकी, तोमोनोउरा, उशिमादो अशी ही बंदरे त्याला सुटी सुटी दिसतात. आमचे म्हणणे असे की ती सुटी नाहीत. ते एकाच वाटेवरचे मुक्काम आहेत. १६०७ पासून दोनशे वर्षे कोरियाच्या राजाचे वकील याच वाटेने जपानच्या दरबारी जात असत. आणि गंमत अशी की ही वाट मोकळी झाली ती एका बनावट खलित्यामुळे. त्या लबाडीची हकीकत आज सांगावयाची आहे.

लबाडीच्या आधी युद्ध झाले होते. १५९२ साली जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने चीन जिंकण्याच्या घमेंडीत वाटेतल्या कोरियावर फौजा लोटल्या. पहिली तुकडी बुसानला उतरली आणि थोड्याच आठवड्यांत राजधानी सोल पडली. समुद्रावर मात्र यी सुन-शिन या कोरियन दर्यासारंगाने जपानी आरमाराची दाणादाण उडविली. १५९७ साली म्योंगन्यांगच्या चिंचोळ्या खाडीत अवघ्या तेरा जहाजांनिशी त्याने शंभरावर जहाजांना तोंड दिले. १५९८ साली हिदेयोशी मेला, फौजा परतल्या आणि शेवटच्या झुंजीत यी सुन-शिनही पडला. मागे राहिला तो उजाड झालेला देश. हजारो माणसे गुलाम म्हणून जपानात नेली गेली. त्यांत कुंभार होते, विद्वान होते, बायका-मुले होती. मारलेल्या शत्रूंची नाके कापून मिठात घालून पाठविली गेली. त्यांचा ढिगारा क्योतो शहरात आजही आहे. त्याला नाव मात्र मिमिझुका, म्हणजे कानांचा ढीग, असे आहे.

अशा दोन देशांत तह व्हावा कसा, आणि तो करावा कोणी? येथे त्सुशिमाचा प्रश्न येतो. नकाशावर पाहिले तर हे बेट दोन देशांच्या मधोमध टांगलेले. उत्तर टोकापासून बुसान सुमारे पन्नास किलोमीटर. स्वच्छ रात्री तेथले दिवे दिसतात. जपानचे मोठे बंदर हाकाता त्याच्या दुपटीहूनही दूर. बेट सगळे डोंगराचे आणि जंगलाचे. भातशेतीला जमीन जवळजवळ नाहीच. पोटाला भात हवा तर तो कोरियाकडून यावयाचा. चौदाव्या-पंधराव्या शतकांत या बेटावरचे लोक चाचेगिरी करून तो मिळवीत. १४१९ साली कोरियाने आरमार पाठवून त्यांना झोडपले, आणि मग १४४३ च्या करारान्वये वर्षाला पन्नास व्यापारी जहाजे पाठविण्याची परवानगी दिली. चाच्याला व्यापारी करण्याची ही युक्ती बरीच शहाणपणाची होती, असे आम्हांस वाटते.

बेटाचे धनी म्हणजे सो नावाचे सरदार घराणे. १५९२ च्या स्वारीत हिदेयोशीने या घराण्याच्या सो योशितोशीला पहिल्या तुकडीतच पुढे घातले. ज्या घरून शिधा येत होता त्याच घरावर दरोडा घालण्याची ही पाळी होती. युद्ध संपले तेव्हा व्यापार बंद, बेट उपाशी. त्यातच १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईत योशितोशी हरलेल्या पक्षात होता. त्याचा सासरा कोनिशी युकिनागा याचे डोके उडाले. योशितोशीने घाईघाईने बायकोला सोडचिठ्ठी दिली आणि नवा सत्ताधीश तोकुगावा इयेयासु याची मर्जी धरली. मर्जी टिकवावयाची तर एकच हुकुमी पान हातात होते : कोरियाशी बोलणी करू शकणारा जपानात दुसरा कोणी नव्हता.

इयेयासुला तह नको होता असे नाही. त्याने स्वतः कोरियात फौज उतरविली नव्हती. १६०५ साली युजोंग नावाचा कोरियन बौद्ध भिक्षू त्सुशिमामार्गे येऊन त्याला भेटूनही गेला. परंतु कोरियाच्या दरबाराने दोन अटी घातल्या. पहिली अट, इयेयासुने आधी स्वतःच्या नावाचा खलिता पाठवावा. दुसरी, युद्धात आमच्या राजांची थडगी ज्यांनी उकरली ते गुन्हेगार हवाली करावेत. आता दरबारी शिरस्ता असा की जो आधी लिहितो तो नमला. इयेयासु आधी लिहिणे कठीण, आणि कोरिया आधी लिहिणे त्याहून कठीण.

त्सुशिमाने वाट पाहिली नाही. १६०६ साली ‘जपानच्या राजा’चा खलिता बुसानला पोहोचला. तो इयेयासुने लिहिला नव्हता. तो बेटावरच लिहिला गेला होता. सोबत दोन कैदी पाठविले. ते त्सुशिमाच्याच तुरुंगातले कोणी दोन इसम. थडग्यांशी आमचा काही संबंध नाही, असे ते सोलमध्ये शेवटपर्यंत सांगत राहिले. कोरियन दरबाराला दोन्ही गोष्टींचा संशय होता. खलित्याची भाषा विचित्र, कैदी भलतेच. तरीही भर रस्त्यात त्या दोघांची डोकी मारली गेली आणि अट पुरी झाली असे जाहीर झाले. उत्तरेकडे मांचूंचे बळ वाढत होते. दक्षिणेकडची सरहद्द शांत हवी होती, आणि जपानात अडकलेली माणसे परत आणावयाची होती. फसविणारा एक आणि फसून घेणारा एक असे हे दोघांचे काम झाले. त्सुशिमाच्या चातुर्याचे कौतुक करणारे या दोन इसमांचा हिशेब सहसा मांडत नाहीत. आम्हांस तो मांडल्यावाचून पुढे जाववत नाही.

१६०७ साली कोरियाचे वकील निघाले. त्यांच्याजवळ राजाचे उत्तर होते, आणि खरी पंचाईत पुढेच होती. ‘आपल्या पत्राचे उत्तर’ असे म्हणणारा कागद एदोच्या (आजच्या टोकियोच्या) दरबारात कसा वाचावा? तिकडे पत्र कोणी पाठविलेच नव्हते! म्हणून वाटेत हा खलिताही बदलला गेला. उत्तराचे नवे पत्र झाले, आणि त्यावर कोरियाच्या राजाची खोटी मोहर उठली. अशा बनावट लाकडी मोहरा सो घराण्याच्या दप्तरात सापडल्या; त्या आज क्यूशूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वकील परत गेले ते हजाराहून अधिक बंदिवानांना घेऊन. त्या माणसांच्या दृष्टीने खलिता खरा की खोटा हा प्रश्न अगदी गौण होता. १६०९ च्या करारान्वये त्सुशिमाची वीस जहाजे वर्षाला बुसानला जाऊ लागली.

एकदा खोटे लिहिले की पुढे लिहीतच राहावे लागते. कोरियाला समोर राजा हवा. एदोचा शोगुन स्वतःला राजा म्हणवीत नसे. म्हणून १६१७ आणि १६२४ साली शोगुनच्या पत्रात त्सुशिमाच्या लेखणीने ‘राजा’ हे एक अक्षर हळूच घुसविले. हे सगळे बिंग फुटले ते घरच्या भांडणाने. सो घराण्याचा कारभारी यानागावा शिगेओकी याला धन्याला बाजूस सारून थेट शोगुनचा चाकर व्हावयाचे होते. त्याने सगळी बनवाबनवी एदोला उघड केली. १६३५ साली शोगुन इयेमित्सु याने स्वतः दोघांना समोरासमोर उभे करून निवाडा दिला. आता सो घराणे बुडाले असेच सर्वांस वाटले असेल. निवाडा उलटा झाला. तक्रार करणारा कारभारी उत्तरेच्या टोकाला त्सुगारूला हद्दपार झाला आणि धनी निर्दोष सुटला. कारण उघड आहे : कोरियाचा दरवाजा ज्याच्या हाती, त्याला फाशी देऊन दरवाजा उघडावयाचा कोणी? मात्र यापुढे पत्रव्यवहारावर नजर ठेवण्यासाठी क्योतोच्या मठांतील विद्वान भिक्षू पाळीपाळीने बेटावर ठेवले गेले. शोगुनसाठी ‘राजा’ऐवजी ‘ताइकुन’ ही पदवी ठरली. बड्या भांडवलदाराला इंग्रजीत ‘टायकून’ म्हणतात, तो शब्द हाच.

यानंतरचा काळ या वाटेच्या वैभवाचा. १६०७ ते १८११ मिळून बारा वकिलाती आल्या. प्रत्येकीत तीनशे ते पाचशे माणसे : वकील, दुभाषी, वैद्य, चित्रकार, वाजंत्री, घोड्यावर कसरती करणारे. बुसानला समुद्रदेवाची पूजा करून सहा जहाजे सुटत. मग त्सुशिमा, इकी, शिमोनोसेकी आणि आतला समुद्र. हा समुद्र दिसतो शांत, पण त्याच्या भरती-ओहोटीचे प्रवाह शिडाच्या जहाजाला मुकाट थांबावयास लावतात. तोमोनोउरा हे त्या समुद्राच्या साधारण मध्यावर. पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारी भरती तेथे एकमेकीस भेटते. भरतीबरोबर आत यावे, ओहोटी लागली की तिच्याबरोबर पुढे निघावे, असा तेथला क्रम. थांबावे लागे म्हणून गावाला महत्त्व आले. १७११ साली एका कोरियन वकिलाने तेथील फुकुझेन्जी मंदिरातून दिसणाऱ्या देखाव्याला जपानात पहिला नंबर दिला. ती अक्षरे तेथे अजून जपलेली आहेत. कामागारीच्या लोकांनी मेजवानीत पहिला नंबर मिळविला. उशिमादोला उत्सवात लहान मुले एक नाच करतात, तोही कोरियन वळणाचा म्हणून सांगतात. ओसाकाला समुद्री जहाजे सोडून नदीच्या होड्या, आणि पुढे खुश्कीचा रस्ता. मुक्कामावर गावोगावचे पंडित कवितेचे कागद घेऊन रांगा लावीत. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसे, पण चिनी लिपी दोघांची. कुंचल्यानेच संभाषण चाले. वाट सुखाची मात्र नव्हती. १७०३ साली कोरियन दुभाष्यांचे जहाज त्सुशिमाच्या उत्तर किनाऱ्याशी बुडून शंभराहून अधिक माणसे गेली.

उलट बाजूस बुसानला त्सुशिमाची वखार होती. १६७८ साली बांधलेली ही वखार नागासाकीच्या डच वखारीच्या वीसपटीहून मोठी. भिंतीआड चार-पाचशे पुरुष राहत, स्त्रियांना मज्जाव. येथे जपानची चांदी जाई आणि चिनी रेशीम व कोरियाची जिनसेंग मुळी येई.

याच वखारीत एक मनुष्य कोरियन भाषा शिकला, त्याच्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. अमेनोमोरी होशू (१६६८–१७५५) हा त्सुशिमाच्या चाकरीतला पंडित. १७११ आणि १७१९ च्या वकिलातींबरोबर तो एदोपर्यंत गेला. १७१९ साली परतीच्या वाटेवर क्योतोला तंटा झाला. मेजवानी ज्या मंदिरात ठरली ते हिदेयोशीचे, तेथे आम्ही पाऊल टाकणार नाही, असे वकिलांनी बजावले. चाकरीमुळे होशूला उलट बाजूने भांडावे लागले, आणि तो संतापला देखील. परंतु १७२८ साली धन्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने जे म्हटले ते त्या काळी धाडसाचे होते. हिदेयोशीची स्वारी निष्कारण होती, तिने दोन्ही देशांतील असंख्य माणसे मारली, आणि तो नाकांचा ढीग पाहुण्यांना दाखविण्यात आपला पराक्रम नव्हे, आपलेच अज्ञान दिसते, असे त्याने लिहिले. शेजाऱ्याशी वागताना फसवू नये आणि भांडू नये, सत्याने वागावे, हेही त्याचेच सांगणे. ज्या घराण्याची भाकरी बनावट मोहरांवर चालली त्याच घराण्याच्या पंडिताने हे लिहावे, याला काय म्हणावे! आमच्या मते, लबाडीची किंमत त्याच्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिली नव्हती.

पुढची हकीकत थोडक्यात. १७६३ साली निघालेल्या वकिलातीचा मुख्य जो ओम याने त्सुशिमातून रताळ्याचे बियाणे बुसानला धाडले. कोरियन भाषेत रताळ्याला ‘कोगुमा’ म्हणतात, तो शब्द त्सुशिमाच्या बोलीतलाच. त्याच वकिलातीतील एका कोरियनाचा ओसाकात त्सुशिमाच्या दुभाष्याने खून केला. खर्च दोन्ही दरबारांना झेपेना. १८११ ची शेवटची वकिलात त्सुशिमाच्या पुढे गेलीच नाही. १८७६ साली जपानने तोफांच्या धाकाने कोरियाकडून नवा करार लिहवून घेतला, आणि त्या वेळी कोणाला खोट्या मोहरेची गरज पडली नाही. १९०५ साली शिमोनोसेकी–बुसान आगबोट सुरू झाली आणि १९१० साली कोरिया गिळंकृत झाला. १९४५ पर्यंत त्याच आगबोटींतून लाखो कोरियन मजुरीसाठी नेले गेले, कित्येक सक्तीने. १९६५ साली दोन देशांत पुन्हा रीतसर संबंध जुळले.

त्सुशिमात आता दर वर्षी वकिलातीच्या मिरवणुकीचे सोंग निघते. २०१२ साली कोरियन चोरांनी बेटावरून दोन जुन्या बुद्धमूर्ती पळविल्या, तेव्हा पुढल्या वर्षीची मिरवणूक बेटवाल्यांनी रागाने रद्द केली, आणि त्याच्या पुढल्या वर्षी ती पुन्हा काढली. २०१७ साली दोन्ही देशांतील संस्थांनी मिळून या वकिलातींची ३३३ कागदपत्रे व चित्रे युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात नोंदविली. त्या यादीत क्योतो विद्यापीठाच्या संग्रहालयात असलेले १६०७ आणि १६१७ चे कोरियाच्या राजाचे खलिते आहेत. आणि करणारा कोण या रकान्यात राजाचे नव्हे, त्सुशिमाचे नाव आहे.