चार पिसांची शेपटी

श्रोतेहो, फुलातला मध चाखणारा आपला शिंजीर तुम्ही परसात पाहिला असेल. त्यालाच कुणी कुणी हमिंगबर्ड म्हणतात, पण ते बरोबर नव्हे. हमिंगबर्ड सापडतो तो फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत. त्याच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या एकीची हकीकत आज सांगतो. मी इतिहासाचा मास्तर. पाखरे हा काही माझा विषय नव्हे. पण या पाखरालाही इतिहास आहे, आणि तो मोठा चमत्कारिक आहे.

इ. स. १८३५ मध्ये अँड्र्यू मॅथ्यूज नावाचा इंग्रज उत्तर पेरूमधल्या चाचापोयासच्या डोंगरांत झाडे-रोपे गोळा करीत हिंडत होता. लंडनजवळ हॅकनी येथे मोठी रोपवाटिका चालविणाऱ्या जॉर्ज लॉडिजेस यांना हमिंगबर्डांचा भारी नाद. त्यांच्या संग्रहासाठी मॅथ्यूजने एक नर मिळवला. जिवंत नव्हे हो, नुसते कातडे!

आपल्या रानातला भृंगराज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या नराच्या शेपटीची कल्पना येईल. दोन लांब काड्या आणि त्यांच्या टोकाला चकत्या. मात्र या पाखराचे वजन तीनएक ग्रॅम, आणि शेपटीत पिसे अवघी चार! त्यांतली बाहेरची दोन लांबच लांब, एकमेकींना ओलांडून जाणारी. चकत्यांचा रंग निळा-जांभळा. मादी ९-१० सेंटिमीटरांची, तर नर शेपटीसकट १५ ते १७. मादीपुढे हवेत तरंगत तो त्या चकत्या नाचवतो. कष्ट एवढे, की काही सेकंदांतच खेळ आटोपतो.

मॅथ्यूज १८४१ साली तिकडेच वारला. लॉडिजेस १८४६ साली गेले. त्यानंतर, १८४७ मध्ये, बूर्सिए या फ्रेंच अभ्यासकाने त्या पाखराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘मिराबिलिस’, म्हणजे अद्भुत, म्हटले. पुढे त्याचे पूर्ण नाव झाले ‘लॉडिजेसिया मिराबिलिस’. डोंगर तुडवले एकाने, नाव लागले संग्रहवाल्याचे! पुढे कितीतरी वर्षे युरोपातल्या पंडितांजवळ तेवढे एकच कातडे होते. १८८० च्या सुमारास श्टोल्त्समान या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाला ते पाखरू पुन्हा गवसले.

पुस्तकांत लिहितात, पक्षी ‘हरवला’ होता. मला हा शब्द पटत नाही. पाखरू आपल्या जागीच होते. उत्कुबाम्बा नदीचे खोरे, अँडीजचे उतार, उंची २,१०० ते २,९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही कितीतरी वर. रानाच्या कडेची काटेरी झुडपे आणि लाल फुले हे त्याचे घर. ते मुळातच एवढेसे. त्यात शेतीसाठी आणि कुरणांसाठी जंगल तुटत गेले. शिवाय नराचे वाळवलेले काळीज पौरुष वाढवते अशी समजूत, त्यापायी शिकार! जाणत्या नराचेच मोल, म्हणून तोच मारला जाई.

पोमाकोचास गावच्या शेतकऱ्यांच्या सामाईक जमिनीत वेंबो नावाची जागा आहे. २००६ च्या सुमारास गावकऱ्यांनी पेरूतल्या एका निसर्गसंस्थेशी करार करून तिथले रान राखायचे ठरवले. उजाड भागात तिथलीच झाडे पुन्हा लावण्यात आली. जमीन गावाचीच राहिली. आता तिथे साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात आणि देशोदेशीचे लोक त्या चार पिसांची वाट पाहत बसतात.