उतारावरील काटकसर

इगतपुरीहून मुंबईकडे येताना घाटाच्या पायथ्याचा कसारा मागे पडला म्हणजे लवकरच उंबरमाळी लागते. शहापूर तालुक्यातील हे लहानसे गाव लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा रस्ता या दोहोंच्या वाटेवर वसले आहे. वरून येथे पोहोचणारी प्रत्येक गाडी सह्याद्रीचा मोठा उतार उतरून आलेली असते. उतरताना तिने किती इंधन जाळले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज त्याचाच थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

१८६५ साली आगगाडी थळघाट चढून इगतपुरीस पोहोचली. या मार्गाचा चढ सदतीस फुटांस एक फूट, म्हणजे रेल्वेच्या मानाने फार मोठा. वाफेच्या काळी चढताना मणावारी कोळसा खर्ची पडे आणि त्यातून कमावलेली उंची उतरताना ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जाई. १९३० साली कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली. १९२८ पासून आलेली मालगाड्यांची विद्युत इंजिने, ज्यांना रेल्वेचे कामगार गमतीने ‘खेकडा’ म्हणत, उतारावर आपल्या मोटारींकडून जनित्राचे काम करून घेत. गाडीचा वेग आवरला जाई आणि निर्माण झालेली वीज वरील तारेत परत जाऊन चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडे.

रस्त्यावरील पेट्रोलच्या मोटारीस हे भाग्य लाभले नव्हते. कार्ब्युरेटर हे साधे यंत्र. चालकाने अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी उताराच्या जोराने चाके इंजिनास फिरवीत राहत, आत निर्वात वाढे आणि मंदगतीच्या छिद्रातून पेट्रोल ओढले जाई. हवा अपुरी असल्याने ते नीट जळतही नसे व अर्धवट जळालेला धूर मागून बाहेर पडे. म्हणून पुष्कळ चालक घाटात गिअर सोडून गाडी न्यूट्रलमध्ये घालीत.

तरुणपणी एका लग्नास जाताना आमच्या भाड्याच्या मोटारीच्या चालकाने हेच केले. पायथ्याशी थांबलो तेव्हा चाकांपाशी जळका वास येत होता आणि तो मात्र समाधानाने म्हणाला, ‘‘पेट्रोल वाचलं, गुरुजी!’’ आपण कशावर जुगार खेळलो, याची त्यास कल्पना नव्हती. गिअर सुटला की इंजिनाचा आवर जातो आणि सारा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक अति तापले की त्यांची पकड ढिली होते, आणि वळणावर त्याचे मोल माणसांच्या प्राणांनी चुकवावे लागते.

या दुखण्यावरील उपाय विजेच्या मार्गाने आला. १९६७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने डी-जेट्रॉनिक ही विद्युत-नियंत्रित इंधनफवारणी बाजारात आणली. १९७९ साली तिच्याच मोट्रॉनिकने फवारणी व ठिणगी ही दोन्ही कामे एका लहानशा गणकयंत्राच्या हाती दिली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर दुचाकींतही अशी फवारणी सर्रास आली.

हे गणकयंत्र सतत दोन गोष्टी पाहत असते : अॅक्सिलरेटर मोकळा आहे काय, आणि इंजिनाचे फेरे मंदगतीहून पुरेसे अधिक आहेत काय. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले आणि इंजिन पुरेसे तापलेले असले, की ते फवारे बंद करते. त्या अवधीत इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नाही. चाकेच त्यास फिरवितात आणि त्याचा अडसर गाडीस आवरून धरतो. फेरे मंदगतीजवळ उतरताच, इंजिन बंद पडू नये म्हणून, फवारे पुन्हा सुरू होतात. रेल्वेप्रमाणे येथे काही परत मिळत नाही. केवळ खर्च थांबतो.

परंतु यास एक अट आहे : गाडी गिअरमध्ये असली पाहिजे. न्यूट्रलमध्ये चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो, मग इंजिन जिवंत ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे जुन्या चालकाची युक्ती आज काटकसरही नाही आणि सुरक्षितताही नाही. तरी ती सवय अद्याप सुटलेली नाही. आपल्या घरातील कोणी वाहन घेऊन हा घाट उतरणार असेल, तर त्यास एवढे अवश्य सांगावे, की उंबरमाळी येईपर्यंत गिअर सोडू नकोस. पेट्रोलची काळजी यंत्र घेईल.